अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी : शेतावरच्या मुक्कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

कृषी पर्यटन केंद्रं, होम-स्टे आणि गावाकडची छोटी रिसॉर्ट यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतली बरीचशी जेवणाबद्दल आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. शहरातल्या हॉटेलात मेन्यूकार्डावरचं निम्मं सामान फ्रीजमध्ये तयार असतं. शेतावरच्या स्वयंपाकघरात सांगितल्याशिवाय चूल पेटत नाही. पाहुणे आणि यजमान, दोघांचीही पत्रं खाली घेतली आहेत.

आम्ही सहाजण शनिवारी रात्री आठला पोहोचलो आणि गावरान चिकन सांगितलं. ताट साडेदहाला आलं, त्यात प्रत्येकी जेमतेम तीन फोडी. बिल मात्र पूर्ण कोंबडीचं. ही फसवणूक नाही का? (एक वाचक, पुणे)

उशीर झाला यात यजमानांचा दोष फारसा दिसत नाही. गावरान कोंबडी कापून ठेवलेली नसते. सांगितल्यावर खुराड्यातून धरायची, कापायची, पिसं काढून जाळावर भाजायची आणि साफ करायची, यात पाऊण तास सहज जातो. तोवर कांदा-खोबरं भाजून वाटण होतं. पुढे तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, असेल तर चुलीवर तासभर, अंड्यावरची जुनी कोंबडी असेल तर दीड-पावणेदोन तास. म्हणजे आठला सांगितलं तर साडेदहा हीच खरी वेळ. कुकरला लावली तर वेळ निम्मा होतो, पण मग चुलीवरचं म्हणून जादा पैसे कशाचे?

फोडींचं गणित वेगळं. दीड किलो जिवंत वजनाच्या कोंबडीतून पिसं, डोकं, पाय, आतडी गेल्यावर हाडांसकट साधारण एक किलो उरतं. सहा जणांत ते प्रत्येकी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, आणि त्यात हाडच जास्त. सहा जणांना दोन कोंबड्या लागतात. हे यजमानांनी स्वतःहून सांगायला हवं होतं, इथे तुमची तक्रार रास्त आहे.

पुढच्या वेळी सकाळीच फोन करून स्पष्ट बोला: ‘मावशी, रात्री आम्ही सहाजण, त्यात दोन लहान मुलं. दोन कोंबड्या पुरतील ना? भाव जिवंत वजनावर की साफ केल्यावर? मुलांसाठी अळणी बाजूला काढाल का?’ तिखट पडायच्या आधी काढलेलं अळणी आणि भात हे मुलांचं जेवण होऊन जातं, नाहीतर मुलं रात्री बिस्किटांवर झोपतात. निघताना पुन्हा एक फोन करा. गाडी घाटात अडकली तर कोंबडी कापायची थांबवता येते, कापल्यावर नाही.

फसवणूक दुसऱ्याच ठिकाणी होते. अर्ध्या तासात मऊ शिजलेली, पांढरट मांसाची, हाड दाताखाली चटकन चुरडणारी कोंबडी ब्रॉयलर असते, मग ताटात ती कुठल्याही नावाने येवो. गावरानचं मांस गडद, हाड टणक आणि रश्श्यावर पिवळसर तवंग. या दोन्हींच्या मधल्या गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती बऱ्याच केंद्रांवर असतात. चवीला त्या वाईट नाहीत, फक्त तसं सांगून वाढाव्यात.

जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत, निवांत’ असं होतं. प्रत्यक्षात शेजारच्या लॉनवर रात्री एकपर्यंत डीजे. हे आधी कसं ओळखायचं? (एक वाचक, ठाणे)

फोनवर ‘शांत आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘तुमचं किंवा शेजारचं लॉन लग्नाला भाड्याने जातं का, आणि त्या तारखेला काही बुकिंग आहे का’ असं विचारा. मॅपवर उपग्रहाचं चित्र उघडून आजूबाजूचा अर्धा किलोमीटर बघा. एकाला एक लागून निळे चौकोन दिसले तर ते स्विमिंग पूलवाले पार्टीचे बंगले. मोठं सपाट हिरवं आवार, कडेला पार्किंग आणि एका टोकाला पक्कं स्टेज दिसलं तर मंगल कार्यालयाचं लॉन. मग कालनिर्णय उघडा. लग्नाची तिथी आणि शनिवार एकत्र आले असतील तर ती तारीख सोडा. सोमवार ते गुरुवार गेलात तर आवाजही कमी आणि भाडंही कमी.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. एखाद्याच्या लग्नाची हळद त्यात बसत नाही. ११२ वर तक्रार करता येते. यजमानांना त्याच गावात राहायचं असतं, तेव्हा त्यांनीच शेजाऱ्याशी बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका, फोन तुम्हीच लावा.

गावाचे स्वतःचे आवाजही असतात. शेतीची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते, ती आली की विहिरीवरची मोटार सुरू होते. कोंबडा चारला आरवतो, कार्तिकात पहाटे काकड आरती असते. झोप हलकी असेल तर विहिरीपासून आणि जनरेटरपासून लांबची खोली मागा. पण कोंबड्याबद्दल रिव्ह्यूत एक तारा कापणं हा अन्याय आहे.

आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. २० पाहुण्यांना पिठलं-भाकरी, भरीत आणि भात देतो. पहिल्यांना गरम भाकरी मिळते, शेवटच्यांना वातड. काही भाकऱ्या थापतानाच चिरतात. प्रमाण आणि पद्धत सांगाल का? (एक वाचक, जुन्नर तालुका)

आधी प्रमाण. माणशी दोन धरल्या तर ४० भाकऱ्या. एक किलो ज्वारीच्या पिठात हाताएवढ्या १० ते ११ होतात, म्हणजे पीठ ४ किलो. पिठल्याला माणशी ५० ग्रॅम बेसन, एकूण १ किलो. भरताची वांगी ४ किलो, कारण भाजून साल काढल्यावर बराच भाग पाण्यात आणि सालीत जातो. भाकरी आहे म्हणून तांदूळ दीड ते दोन किलो पुरतो. याच्या वर दोन माणसांचं जास्त धरा, पाच जणांचं नको. उरलेलं भरीत रात्री टिकतं, भात टिकत नाही.

वातड भाकरीचं कारण बहुतेक वेळा घाई नसून वेळ कमी धरणं हे असतं. सवयीच्या हाताला एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला वीस. ४० भाकऱ्यांना एका चुलीवर दोन तास. मग आधी करून ठेवाव्या लागतात, आणि त्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचल्या जातात. वाफ कोंडते, खालच्या ओल्या होतात, त्या निवल्या की वातड. दोन चुली, दोन बाया, आणि पान वाढायच्या २० मिनिटं आधी सुरुवात, हा खरा उपाय. तव्यावरून काढलेली भाकरी मिनिटभर टोपलीच्या काठाला उभी टेकवा, वाफ गेली की मग कापडात. जाळ मंद असला तरी भाकरी वातड होते, कारण फुगायच्या आधीच ती वाळते. बाजरीची भाकरी निवल्यावर लवकर कडक होते, म्हणून पंगत मोठी असेल तर ज्वारीचीच ठेवा.

थापताना चिरते तेव्हा पिठाची विरी गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही, दळून पंधरा-वीस दिवस झालेल्या पिठात उरलासुरला जातो. आठ दिवसांपुरतंच दळून आणा. पीठ जुनंच असेल तर उकळतं पाणी घालून उलथण्याने हलवा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरता गोळा घ्या, तळहाताच्या टाचेने रगडा आणि लगेच थापा.

आता तव्यावर. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकली की लगेच पाणी फिरवायचं. ते पूर्ण वाळायच्या आत, वरचा भाग ओलसर असतानाच उलटायची. वाळू दिली तर पापुद्रा तडकतो, तिथून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. नवशिक्या हाताचं चुकतं ते बहुधा इथे, थापण्यात नाही.

पिठलं उभं राहिलं की घट्ट होतं. वाढायला अर्धा तास असेल तर सैलच ठेवा आणि शेजारी आधणाचं पाणी असू द्या. गार पाणी घातलं की गुठळ्या होतात.

मार्चमध्ये एका केंद्राची हुरडा पार्टीची जाहिरात आली आहे. जावं का? (एक वाचक, मुंबई)

बाकीच्या गोष्टींसाठी जा, हुरड्यासाठी नको. हुरड्याचे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर, उशिराची पेर असेल तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. कणसातला दाणा दुधाळपणा संपून नुकता मऊ घट्ट झालेला असतो, ती आठ-दहा दिवसांची अवस्था हवी. मार्चपर्यंत दाणा टणक होतो. तेव्हा मिळतो तो फ्रीझरमधला हुरडा, तव्यावर गरम करून. तो खाता येतो, पण त्याला आगटीचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाचा, वास नसतो.

हंगामातही दोन प्रश्न विचारा. कोणती ज्वारी, आणि कणसं केव्हा तोडणार? सुरती, गुळभेंडी या हुरड्याच्या खास जाती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले मधुर’ही त्यासाठीच आहे. नेहमीच्या मालदांडीचाही हुरडा होतो, पण गोडी कमी आणि कोंडा लवकर सुटत नाही. कणीस तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होऊ लागते, म्हणून सकाळी तोडलेलं दुपारच्या आत भाजलेलं बरं. आगटीत गोवऱ्यांचा जाळ शमून नुसता विस्तव राहिला की कणसं खुपसतात. ज्वाळेत धरली तर कुसं जळतात आणि दाणा आत कच्चाच राहतो. भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळतात आणि पाखडून लगेच वाढतात. निवलेला हुरडा चिवट लागतो, म्हणून एका वेळी मूठभरच घ्या आणि आगटीजवळच बसा. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, दही, गूळ. माणशी दीडशे-दोनशे ग्रॅम पुरे. हा पदार्थ जड आहे, त्यावर लगेच पुरणपोळीचं जेवण ठेवणारे आयोजक पाहुण्यांच्या पोटाचे वैरी.

जुलैत तारकर्लीजवळच्या होम-स्टेमध्ये ताज्या सुरमईची थाळी मिळेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ताजी मिळणं अवघड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते, गोव्यातही तेच. या दोन महिन्यांत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली असते. खोलसमुद्रातल्या मासळीचा हट्ट सोडलात तर पावसाळ्यात जेवण उलट चांगलं होतं: खाडीतली मासळी, तिसऱ्या, कुर्ल्या, सुक्या बांगड्याची किसमूर, सुकटीची चटणी. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, टाकळ्याची भाजी, अळूचं फतफतं. यजमानांना ‘घरात आज काय करणार आहात’ एवढंच विचारा आणि तेच सांगा. एरवीच्या दिवसांत ‘मार्केट रेट’ लिहिलेलं असेल तर तळायला टाकायच्या आधी मासा पाहून भाव ठरवा. तुमच्या त्या तारखांना जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतील, हे धरूनच जा.

बिलात खोलीवर जीएसटी आणि खाली ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ लावला होता. दोन्ही द्यायचे का? (एक वाचक, कोल्हापूर)

जीएसटी द्यायचा, पण नोंदणी असेल तरच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे; आधी १२ होता, काही ठिकाणच्या बिलबुकात अजून तोच छापलेला दिसतो. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. बिलावर १५ आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते पाहा. एक बारकावा: अ‍ॅपवरून बुक केलं तर नोंदणी नसलेल्या होम-स्टेचा कर अ‍ॅप कंपनीच भरते, तेव्हा तिथल्या पावतीत कर दिसला तर ती चूक नाही.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो परस्पर बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

रत्नागिरीजवळ मातीच्या घरात मुलांसह राहणार आहोत. साप-विंचवाची भीती वाटते. (एक वाचक, नागपूर)

भीती नको, शिस्त हवी. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपेत चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून कळतच नाही. खाट आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे. कोकणातलं फुरसं छोटं आणि मातीच्या रंगाचं, ते अंधारात पायाखाली येतं. संडास बाहेर असेल तर प्रत्येकाला बॅटरी आणि पायात बूट. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, दोरीवरचे कपडेही झटका. दगडांचे ढीग आणि लाकडाच्या मोळ्या ही मुलांची खेळायची जागा नव्हे.

दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अवयव न हलवता झोपवून ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या जड होणं, गिळता न येणं दिसलं तर खूण नसली तरी सर्पदंशाची शंका घ्या. लाल विंचू मुलांना जास्त धोक्याचा: दरदरून घाम, गार हातपाय, छातीत धडधड. त्यावरचं प्राझोसिन या औषधाचं उपचारसूत्र महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनातून आलं आणि कोकणातल्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे, फक्त वेळेत पोहोचायला हवं. बुकिंग करतानाच विचारून ठेवा: प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रात्री तिथपर्यंत गाडी कोण नेईल?

मावशी न्यू जर्सीहून येणार आहे, पासपोर्ट अमेरिकेचा. होम-स्टेवाले नको म्हणाले. (एक वाचक, सांगली)

परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा उतरला की यजमानांना त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. बोलीत सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. लॉगिन काढलेलं नसलं की छोटे होम-स्टे सरळ नकार देतात, मावशींवर राग म्हणून नव्हे. बुकिंगच्या वेळीच ‘सी फॉर्म भरता ना?’ असं विचारा आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानाची, व्हिसाची किंवा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) प्रत पाठवा. तुमच्या स्वतःच्या ओळखीसाठी आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत द्या, पूर्ण क्रमांकाची गरज नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन जायचं आहे. खोलीतल्या सॉकेटवर चार्ज होईल का? (एक वाचक, नाशिक)

१६ अँपिअरचा सॉकेट, व्यवस्थित अर्थिंग आणि वेगळी वायर, तिन्ही असतील तर होईल. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला तीन किलोवॉटच्या चार्जरने सहा-सात तास आणि १८ ते २० युनिट लागतात. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि चार्जर बंद पडतो. रात्री अकरानंतर लावा. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाही, तेव्हा जुगाड करू नका. युनिटचे पैसे आधी ठरवा. विहिरीच्या मोटारीच्या जोडणीवरून घेऊ नका: ती शेतीच्या सवलतीच्या दराची असते आणि दंड यजमानांना बसतो.

निघताना टिप कोणाला आणि कशी द्यावी? (एक वाचक, सोलापूर)

कुटुंबच केंद्र चालवत असेल तर देऊ नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. त्यांच्याकडची हळद, काकवी, पापड, कोकम विकत घ्या आणि भाव करू नका. कामाला बाया असतील तर स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या हातात रोख द्या. भाकऱ्या करणारी मावशी सहसा पाहुण्यांसमोर येत नाही, तेव्हा वाढणाऱ्या मुलाकडे दिलेले पैसे तिच्यापर्यंत पोहोचतीलच असं नाही. सुट्ट्या नोटा घरूनच न्या. नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही आणि एटीएम बहुधा तालुक्याच्या गावीच असतं.